ओसरीतली शहाणी पोर

ज्या वर्षी ती पोर आमच्या शाळेत आली, त्या वर्षी अमरावतीत कापसाशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली होती. लढाई कोणाची आणि कोणाशी, हे माझ्या मामालाही ठाऊक नव्हतं. पण आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही हे कबूल करायची मामाला सवय नव्हती. आम्हाला दिसत होतं ते एवढंच, की गावाबाहेरच्या मळ्यांत जिथे वांगी आणि मेथी व्हायची तिथेही कापूस उभा राहिला होता, आणि आमच्या ताटात रोज उठून वरणच होतं.

मामा पंतोजी होता. एका व्यापाऱ्याच्या वखारीच्या ओसरीत त्याची शाळा भरायची आणि मी अकोल्याहून त्याच्या हाताखाली आलो होतो. मोठी मुलं त्याच्याकडे, बिगारीची लहान पोरं माझ्याकडे. मामाला लहान मुलांचा कंटाळा होता आणि मला, खरं सांगायचं तर, मोठ्यांची भीती वाटायची. त्यामुळे वाटणी दोघांनाही मानवली होती.

वखारीच्या मागच्या अंगणात सरकी काढायचे रेचे मांडलेले होते. दोन लाकडी लाटांच्या फटीत कापूस सारायचा आणि दांडा फिरवायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. बाया ओळीनं बसायच्या आणि त्यांची दिवसभराची करकर आमच्या पाढ्यांत मिसळायची. रुईचे तंतू तरंगत ओसरीत यायचे, धूळपाट्यांवर बसायचे, मुलांच्या शेंड्यांना चिकटायचे. दसऱ्यानंतर मामाच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या त्या होळीनंतर पुन्हा काळ्या.

त्याच बायांपैकी एक जण एके सकाळी कडेवर पोर घेऊन ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. माळ्याच्या घरची होती. दिराने मळा मोडून कापूस केला तेव्हा भाजीची पाटी घरात राहिली आणि ती रेच्यावर आली. पोर असेल तीन-साडेतीन वर्षांची. शाळेत घालण्याजोगं मूल ओळखायची आमची रीत साधी होती: उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल शाळेजोगं. हिचा हात टाळूच्या पुढे जात नव्हता. शिवाय मुलगी.

"शाळा हाय बाई, गोठा नाई," मामा म्हणाला.

"शिकवू नोका तिले, पंतोजी," ती म्हणाली. "नुसती बसू द्या कोपऱ्यात. आवाज नाई करनार."

मामाने त्या पोरीकडे पाहिलं, पोरीने कुठेच पाहिलं नाही, आणि का कोण जाणे तो हो म्हणाला.

आवाज तिने खरोखरच केला नाही. खांबाशी टेकवून ठेवली तर संध्याकाळपर्यंत खांबाशीच. इतर पोरं रडायची, चावायची, एकमेकांची धूळ सांडायची. ही मांडीवर हात ठेवून बसायची. मामा तिचं उदाहरण द्यायला लागला. "पाहा, पाहा तिच्याकडे. याले म्हणतात शहाणी पोर." मला पहिले काही दिवस तसंच वाटलं. मग एके दुपारी तिच्या ओठावर माशी बसलेली मी पाहिली. माशी ओठावरून नाकावर गेली, नाकावरून डोळ्याच्या कोपऱ्यात गेली. पोरीने हात उचलला नाही. तेव्हापासून मला ती शहाणी वाटेनाशी झाली.

मी तिच्याकडे नीट पाहू लागलो. माझा स्वभाव तापट असला तरी एखादी गोष्ट मनात घुसली की मी तिच्या मागे लागतो. धूळपाटी पुढे ठेवली, तिचं बोट धरून रेघ ओढली. मी बोट सोडलं की ते जिथे सोडलं तिथेच पडून राहायचं. हाक मारली तर मान वळायची, पण इतक्या उशिरा, की मी दुसरीकडे वळलेला असायचो. पोरगी मंद आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि मला तिची दया आली.

आणि मग एक दिवस ती निराळीच आली. आली ती पायरी स्वतः चढून. मामाची काठी उचलली, ती टाकून दुसऱ्याच्या पाटीवरची धूळ फुंकली, खांबामागे लपली आणि आपणच हसत बाहेर आली. दुपारपर्यंत तिचं ओसरीतल्या प्रत्येक वस्तूकडे बोट करून मला विचारून झालं होतं, हे काय, ते काय. संध्याकाळी मात्र चिडचिडी झाली, अंगाला हात लावू देईना. मी तरीही इतका खुश होतो की जेवताना दोनदा मामीला तेच सांगितलं. माझ्या शिकवण्याला यश आलं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खांबाशी, पुन्हा मांडीवर हात.

मी मनात नाही नाही ते आणलं. ताप असेल, जंत असतील, मी आदल्या दिवशी फार कौतुक केलं म्हणून माझीच दृष्ट लागली असेल. मामीकडून मीठ-मोहऱ्या घेऊन ओवाळूनही टाकल्या. त्या वेळी मी स्वतःला चांगला शिकलेला समजत होतो. उत्तर मला मिळालं ते विहिरीवर. दुपारच्या सुट्टीत बाया तिथे भाकर खायला बसत. मी पाणी प्यायला गेलो, तर तिची माय पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने पदराची गाठ सोडली, त्यातली मोहरीएवढी काळी गोळी पाण्याच्या थेंबात बोटाने चोळली आणि ते बोट पोरीच्या जिभेला पुसलं. पोरीने आपण होऊन तोंड उघडलं होतं. शेजारची बाई तिच्याशी बोलत होती ती बोलतच राहिली. कोणी काही लपवत नव्हतं.

मी धावत जाऊन मामाला सांगितलं की ती बाई पोरीला अफू देते.

मामा विडा लावत होता. "मंग तुले काय वाटलं," तो म्हणाला, "पोर माह्या धाकानं बसते?"

साऱ्या वखारीला, साऱ्या पेठेला ते माहीत होतं. रानात वेचणीला जाणारी बाई लेकराला बोटभर चाटवून शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाखाली निजवते, हे ज्याला माहीत नाही असा वऱ्हाडात मी एकटाच निघालो. तो एक दिवस पोर शुद्धीत होती, कारण आदल्या संध्याकाळी अफूचं दुकान बंद होतं आणि मायच्या पदरात काही उरलं नव्हतं.

मी त्या बाईला गाठलं. माझा आवाज चढलेला असणार, कारण ती एक पाऊल मागे सरली.

"द्याले लागते, भाऊ," ती म्हणाली. "मांगच्या साली एकीचं लेकरू रेच्यापाशी आलं. लाटांत बोटं गेली त्याची. मुकादमानं तिलेच काढून देल्लं. माही पोट्टी जागी ऱ्हायली तं रेच्यापाशीच येईन."

राग होता तसाच राहिला, फक्त तो कोणावर काढावा हे कळेना.

दिवाळीला मी अकोल्याला घरी गेलो. मूर्तिजापूरच्या पुढे कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, त्यामुळे मनातल्या मनात भाषण तयार करायला मला भरपूर वेळ मिळाला. आई करंज्या मुरडत होती. मी सगळं सांगितलं, हातवारे करून सांगितलं.

"तुलेही देल्ली होती की," ती म्हणाली. "घरात सासू आजारी, दळण-कांडण, पानी. तू चालाले लागेपर्यंत देत होतो मी."

"मले?"

"मंग? तुले पचली. तुह्या आंदीच्याले नाई पचली. सकायी उठलाच नाई." आणि तिने करंजीचा काठ पुढे मुरडला.

माझ्या आधी एक होता, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर, जाताना तयार केलेलं सगळं भाषण विसरून गेलं आणि एकच गोष्ट डोक्यात राहिली, की ती पोर एखाद्या सकाळी उठणार नाही. आज पचते आहे, उद्या पचेलच असं नाही, आणि ते आधी कळायला काही मार्ग नाही.

अमरावतीला पोचल्यावर मी तिच्या मायला म्हणालो, "बाई, तू गोळी बंद कर. मी सांभाळतो. रेच्याकडे जाऊ देणार नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बिनलग्नाचा, कधी मूल कडेवर न घेतलेला माणूस तिला दिसत असणार. तरी ती म्हणाली, "बरं."

पुढचे दिवस आजही आठवू नयेत असं मला वाटतं. मला वाटलं होतं, गोळी थांबली की तो एक दिवस होता तसे सगळे दिवस होतील. तसं झालं नाही. पोर थरथरायची, नाक गळायचं, पोटात काही ठरेना. ती ज्या आवाजात रडायची तसा आवाज लहान मुलाच्या गळ्यातून निघतो हे मला माहीत नव्हतं. मी तिला खांद्यावर टाकून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचो. ती माझ्या खांद्याला चावायची, मी चावू द्यायचो. मोठी मुलं कानात बोटं घालून पाढे म्हणत. मामा म्हणाला, "तुह्या धर्मकार्यापायी माही शाळा बुडते." दुपारी माय दाराशी यायची, मुठीत पदराची गाठ धरून. "देऊ का, भाऊ?" ती विचारायची. मी नको म्हणायचो. प्रत्येक वेळी नको म्हणताना मला वाटायचं, आपलं चुकत असेल आणि ही पोर आपल्याच खांद्यावर मरेल. मग मागून मुकादमाची हाक यायची आणि ती बाई निघून जायची.

एके सकाळी रडणं थांबलं. मला धडकी भरली. पाहिलं तर ती ओसरीच्या कडेला उकिडवी बसून कावळ्याकडे पाहत होती. कावळा उडाला तशी तिची नजर त्याच्यामागे छपरापर्यंत गेली. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो आणि मामा ओरडेपर्यंत उठलो नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या मास्तरकीतले सगळ्यात सुखाचे. पुढे मी पुष्कळ मुलं शिकवली, पण मूल वाढताना इतकं उघड्यावर पुन्हा पाहिलं नाही. दोन वर्षांचं राहिलेलं वाढणं ती जणू घाईने उरकत होती. आधी पंख असलेलं सगळं तिला कावळाच होतं. मग एक दिवस चिमणीकडे बोट करून ती म्हणाली, "कावया नाई." चिमणी हा शब्द तिच्याजवळ नव्हता, पण हे ते नव्हे, एवढं तिला कळलं होतं. मी तिच्यापुढे सरकी ओतायचो, तंतू चिकटलेली एकीकडे आणि नागडी एकीकडे निवडायला. सुरुवातीला ती मूठ भरून उचलायची आणि सगळी एकत्र करायची. हळूहळू अंगठा आणि पहिलं बोट जुळू लागलं. सरकीवरचा तंतू चिमटीत धरून, ओढून, बोटांत फिरवून त्याची गोळी करायची हा तिचा आवडता खेळ झाला. ज्या चिमटीत तंतू धरता येतो त्याच चिमटीत उद्या लेखणी धरता येईल, असं मी मामाला सांगितलं. "पोरीची जात," मामा म्हणाला, पण त्याने तिच्या खेळातला वाटा म्हणून स्वतः मूठभर सरकी आणून टाकलेली मी पाहिली.

"काहून?" हा शब्द सापडल्यावर तर तिने आमची पाठ धरली. मामाची मिशी पांढरी काहून, मुलगा रडते काहून, तू हसते काहून. संक्रांतीला मामीने दिलेला तिळगूळ तिने सगळ्यांना वाटला आणि पुन्हा सगळ्यांकडून परत मागून घेतला. माय तिन्हीसांजेला न्यायला यायची तेव्हा पोर तिला दिवसभराचं सांगत जायची. माय तिला उचलून न घेता चालवत न्यायची, सगळ्यांना दिसेल असं.

संक्रांतीनंतर वेचणीचा जोर चढला. मजुरी इतकी वाढली की घरात हात रिकामा ठेवणं कोणाला परवडेना. आधी मोठी मुलं गळाली, मग मधली, मग बिगारीतलीसुद्धा. ओसरीत आम्ही दोघे पंतोजी, ती पोर आणि एक पायाने अधू मुलगा उरलो. मामाला पोरांच्या घरून जे धान्य यायचं ते थांबलं. शेवटी व्यापाऱ्याचा निरोप आला की वखारीत गाठी मावत नाहीत, ओसरी मोकळी करून द्यावी.

"होळीनंतर पाहू," मामा म्हणाला आणि आपल्या धूळपाट्या उचलून घरी घेऊन गेला.

मला पोटासाठी त्याच वखारीच्या काट्यावर काम धरावं लागलं. काटा समोर रस्त्यावर होता. बडनेऱ्याच्या बाजूने गाड्यांची रांग लागायची, बैल एकमेकांना ढुशा द्यायचे, आणि मी वजन सांगत दिवसभर उभा. मी मामीला विचारून पाहिलं, पोरीला दिवसा घरात ठेवशील का. मामी नाही म्हणाली. दुसऱ्या जातीची पोर दिवसभर घरात वावरणं तिला चालणार नव्हतं, आणि माझ्या सांगण्याने ते बदलणार नव्हतं. मी पोरीला काट्याजवळ पोत्यावर बसवून पाहिलं. पण मी तिला जागी ठेवलं होतं, तिला काहून शिकवलं होतं; ती आता एका जागी बसणारी उरली नव्हती. तिसऱ्या प्रहरी ती बैलाच्या पोटाखालून पलीकडे काय आहे ते पाहायला गेली. गाडी हलली. गाडीवानाने तिला दंडाला धरून ओढलं म्हणून चाक तिच्या परकराच्या काठावरून गेलं. मुकादम म्हणाला, पोरगी राहील तर तू नको.

मी तिला उचलून मागच्या अंगणात मायकडे नेलं. तिने रेच्याचा दांडा सोडला, हात लुगड्याला पुसले.

"तुमी केलं तेवढं लय झालं, भाऊ," ती म्हणाली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिने पदराची गाठ पाहिली. ती रिकामी होती. शेजारच्या बाईने आपल्या पदरातून गोळी काढून दिली.

मी पाठ फिरवून काट्यावर गेलो. आतून पोरीचं "काहून? काहून?" ऐकू येत होतं, आणि थोड्या वेळाने ते येईनासं झालं.

होळीला शाळा पुन्हा भरली तोवर त्या अंगणातले रेचे थांबले होते आणि माय-लेकी बाळापूरकडे कुठेशी कामाला गेल्याचं कोणीतरी सांगितलं. पुढचं मला माहीत नाही. पण त्या जाण्याआधी एकदा, दुपारच्या सुट्टीत, मी तिला पाहायला गेलो होतो. बाया विहिरीवर होत्या. पोर रुईच्या ढिगावर निजली होती. केसांत, भुवयांवर रुई. मी वाकून तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. मी शेजारी बसलो आणि मला रडू आलं. तिथे पाहणारं कोणी नव्हतं, म्हणून मी ते आवरलंही नाही.

तिने डोळे अर्धे उघडले. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. ती माझ्या ओल्या गालाकडे पाहत राहिली. मग तिचा हात ढिगात गेला. अंगठा आणि पहिलं बोट जुळलं, चिमटीत तंतू आला, आणि मी शिकवलेल्या खेळातल्यासारखी तिने त्याची सावकाश गोळी केली, मोहरीएवढी. ती माझ्या ओठांशी आणली.

"खा," ती म्हणाली. "नीज. माय येते."

मी तोंड उघडलं. तिने आपलं बोट माझ्या जिभेला पुसलं, माय पुसायची तसं, आणि डोळे मिटून घेतले.